उलटी रेघ

पत्रिका साडेचारच्या आत लिहून व्हायलाच हवी होती. रविवारचा राहुकाळ साडेचारला लागतो, आणि चामराजपेटच्या त्या घरात राहुकाळात कुणी साधी कोथिंबीर निवडत नसे, मग देवाला आमंत्रण कुठलं लिहिताय! आणि वाजले होते अडीच. आणि सुनीलकाकानं नेमका तेव्हाच, ताकभात अजून पानात असताना, विषय काढला.

"अण्णा, एकच सांगतो आणि गप्प बसतो."

सुनीलकाका एकच सांगून गप्प बसलाय असं त्या घरात आजवर झालेलं नव्हतं.

"प्रणीत माझा मुलगा. लग्न त्याचं. पहिली पत्रिका खंडोबाची. आणि ती काय डाव्या हातानं लिहायची?"

सगळ्यांचे घास थांबले. त्याच्या पुतणीचा, वाणीचा, घास तर ओठाशीच थांबला. जेवत होती ती उजव्याच हातानं, तेवढं तिला लहानपणीच शिकवलेलं होतं. पण टेबलाखाली तिचा डावा हात आपोआप मिटला. त्या हाताच्या करंगळीखाली एक निळा डाग होता, पाच महिने रोज धुऊनही न गेलेला, आणि खरं सांगायचं तर तिला तो जायला नकोच होता.

कारण तो डाग तिनं कमावलेला होता.

या घरात कुठल्याही लग्नाच्या पत्रिका छापायला जायच्या आधी एक पत्रिका हातानं लिहिली जाते, कुलदैवताला, मंगसुळीच्या खंडोबाला. मग ती पोस्टानं जाते. आणि ती लिहायची नरसिंहपणजोबांच्या पेनानं. काळं, अंगठ्याएवढं जाड, एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, शाईपेन. झाकणावरची सोनेरी रिंग झिजून पितळ दिसायला लागलेली. नरसिंहपणजोबा पोस्टाबाहेर बसून लोकांची पत्रं, अर्ज लिहून द्यायचे, त्याच पेनानं. त्यांच्यानंतर सुब्बारावांनी, म्हणजे मुलांच्या अण्णांनी आणि नातवंडांच्या अज्जांनी, त्याच पेनानं खंडोबाला चौदा लग्नांची बोलावणी धाडली. आणि मग गेल्या वर्षी अज्जांचा हात थरथरायला लागला. चहाची बशी खुळखुळ वाजायची. गणपतीच्या दिवशी आरती झाल्या झाल्या, सगळे प्रसादाला हात पुढे करून उभे असताना, अज्जांनी ते पेन उचललं आणि वाणीच्या हातावर ठेवलं. डाव्या हातावर. बघून, मुद्दाम.

आणि वाणीला तर शाईपेन धरताही येत नव्हतं! शाळेत बॉलपेन, कॉलेजात कीबोर्ड, आणि आता बोम्मसंद्राच्या कारखान्यात क्वालिटीत असते, तिथं दिवसभर पंपाचे भाग मोजायचे आणि टॅबवर बोट टेकवून आकडे भरायचे. पहिल्या दिवशी तिनं शाळेतल्या मुलांचं एक साधं पारदर्शक शाईपेन आणलं आणि बॉलपेनसारखं दाबलं. निबचे दोन पाय फाकले, कात्रीसारखे. दुसरं आणलं. ते उलटं धरलं. तिसऱ्यानं वहीच्या स्वस्त कागदावर लिहिलं, तर प्रत्येक अक्षराला मुळं फुटली.

ती कारखान्याजवळच खोली घेऊन राहायची, म्हणून अज्जा रोज संध्याकाळी फोनवर ऐकायचे आणि खो खो हसायचे.

"दाबायचं नाही गं. बॉलपेनला दाबावं लागतं, कारण त्याला लिहायचं नसतं. याला लिहायचंच असतं. तू फक्त टेकव."

"अज्जा, टेकवलं तर करकरतंय."

"पेन उभं धरलंयस. आडवं कर स्वल्प. अंगठ्याच्या बेचक्यात निजू दे त्याला."

आणि डाव्या हाताचं दुखणं वेगळंच. उजवा माणूस लिहीत लिहीत शाईपासून लांब जातो, आणि डावा? तो आपणच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून हात फिरवत पुढे जातो! पहिला महिना वाणीच्या सगळ्या ओळी ढगासारख्या पसरल्या. मग तिनं कागद तिरका करून पाहिला, आणखी तिरका, जवळजवळ आडवाच. हात ओळीच्या वर न ठेवता खाली ठेवला. आणि शिरोरेघ! ती डावीकडून उजवीकडे ओढायला गेलं की निब कागदात रुतायचं, कारण डावा हात ते ओढत नाही, ढकलतो. एका रविवारी कंटाळून तिनं रेघ उलटी काढली, शब्दाच्या शेवटापासून सुरुवातीकडे. आणि काय सांगू, लोण्यातून सुरी जावी तशी गेली! तिनं तसा फोटो अज्जांना पाठवला. अज्जांना फोटो पाठवणं जमत नाही, त्यांनी नुसता फोन केला आणि म्हणाले, "हां. आता पणजोबांचं पेन काढ."

एवढं सगळं झालं होतं. आणि आता सुनीलकाका म्हणत होता, डावा हात.

"हर्षिता आहे ना," काका म्हणाला. "मोत्यासारखं अक्षर. मोबाइलवर लोक बघतात तिचं अक्षर."

"अप्पा, प्लीज," हर्षिता कुरकुरली. वाणीएवढीच ती, सुनीलकाकाची मुलगी, जे. पी. नगरच्या घरातून येतानाही बॅगेत वीस रंगांची पेनं घेऊन फिरणारी. "ते ब्रशपेन असतं. हे वेगळं."

"पेन ते पेन. उजव्या हातात आहे की नाही? अक्का, तू सांग."

इंदिराअत्या, अज्जांची थोरली लेक, देवाधर्माच्या बाबतीत त्या घरातलं हायकोर्ट. तिनं पदर सारखा केला. "मला विचारशील तर, देवाचं काम उजव्या हातानंच. वाणीबद्दल माझं काही नाही, पोर गुणाची आहे."

"बघा," काका म्हणाला. आणि मग, कदाचित त्याला म्हणायचं नव्हतं, पण म्हणून गेला, "आणि अण्णा, नियम तुमचाच आहे. दादाचा हात तुम्हीच बांधला होता ना?"

वाणीनं वर पाहिलं. दादा म्हणजे तिचे बाबा. शरच्चंद्र. टेबलाच्या टोकाला बसून ते ताटातल्या मिठाचा लहानसा ढीग बोटानं सपाट करत होते, आणि तो सपाट झाला तरी करतच राहिले.

"बाबा?" वाणी म्हणाली. "कसला हात?"

बाबा तसेही कमीच बोलत. लिहीत तर त्याहून कमी. बँकेत त्यांची सही कधी जुळायची नाही, मुंग्या चालल्यासारखं अक्षर, म्हणून वाणीच्या शाळेचे फॉर्मसुद्धा आई भरायची.

बोलले ते अज्जा. "बांधला होता. त्याच्या आईच्या लुगड्याचा काठ फाडून, डावा हात खुर्चीला. पाटी पुढ्यात ठेवली की बांधायचा. दोन वर्षं." त्यांची बोटं टेबलावर थरथरत होती, त्यांनी ती दुसऱ्या हातानं झाकली. "हात सुधारला. अक्षर गेलं. म्हणूनच तर, सुनील. म्हणूनच वाणीला दिलं."

स्वयंपाकघराच्या दारात आई हातात तुपाची वाटी घेऊन उभी होती, ती तशीच परत आत गेली.

आत्तापर्यंत वाणीला ती पत्रिका लिहायची होती, कारण तिला ती छान लिहिता येत होती. आता तिला ती लिहायलाच हवी होती. पण मागून, रडून, अज्जांच्या मागे लपून? छे. ती म्हणाली, "काका, हर्षिताला आधी लिहू दे. एक शब्द, कोऱ्या कागदावर. मग मी. सगळ्यांनी बघा आणि मग ठरवा."

"सरी, चालेल," काका म्हणाला. खूश झाला.

पानं उचलली, टेबल पुसलं. अज्जांनी कपाटातून दोन कागद काढले, हातकागद, कडा जाड आणि ओबडधोबड. दोनच होते. तसला कागद करणारा म्हातारा गेला, तेव्हाचे राहिलेले. वाणी म्हणाली, चाचणी साध्या कागदावर घेऊ, पण काकानं एक हातकागद पुढे ओढलासुद्धा. "शब्द चांगला आला तर तोच ठेवू की."

हर्षितानं झाकण फिरवून काढलं. पेन धरलं, छान धरलं. 'श्री' लिहायला निब टेकवलं.

काही नाही.

"चालत नाहीये."

वाणी पुढे झुकली. असं होणं शक्यच नव्हतं! सकाळी नऊला तिनं स्वतः ड्रॉपरनं शाई भरली होती, स्वतः लिहून पाहिलं होतं.

"जरा जोर लाव," काका म्हणाला.

"नको, दाबू नको!" वाणी ओरडली, पण हर्षितानं दाबलंच. निब करकरलं, कागदाचा एक तंतू त्यात अडकला, आणि मग टप्पकन एक जाड थेंब पडला, हातकागदाच्या बरोबर मधोमध.

लाल.

सगळे त्या थेंबाकडे बघत राहिले. थेंब पसरला, आणि त्याच्या मधे बारीक गाळ बसला, रांगोळी सांडल्यासारखा.

"अय्यो," इंदिराअत्या अगदी बारीक आवाजात म्हणाली.

"अक्का?"

"मी... निळ्या शाईनं काय देवाला लिहायचं, म्हणून... मोरीत ओतली ती. आणि कुंकू कालवून भरलं. ड्रॉपरनंच भरलं हं, बरोबर! मंगल काम आहे, लाल असावं म्हणून."

हर्षिता फिस्सकन हसली, आणि वाणीला इतका राग आला होता तरी तीही हसली, कारण अत्या खरंच कोपऱ्यात उभ्या केलेल्या शाळेतल्या मुलीसारखी दिसत होती.

काका हसला नाही. "झालं. संकेत आहे हा. बॉलपेन आणा कुणीतरी. हर्षिता, तुझं जेल पेन काढ."

"संकेत कसला," वाणी म्हणाली. "कुंकू पाण्यात विरघळत नाही काका, ते तळाला बसतं. निबची चीर बुजलीय. एवढंच झालंय." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून पाच. "मला एक तास द्या."

"आणि नाही झालं तर?"

"तर हर्षिता लिहील. जेल पेननं. मी स्वतः कागद धरीन."

अज्जांनी आपली खुर्ची ओढली आणि मोरीच्या दाराशी नेऊन तिथं बसले, नातीचं काम बघायला.

वाणीनं पेनाची मान फिरवून नळी वेगळी केली. लाल लगदा मोरीत गेला. आईनं गरम पाणी आणलं, तर वाणी म्हणाली, "गरम नको गं आई, जुनं एबोनाइट आहे, गरम पाण्यानं रंग उतरतो, काळ्याचं मातकट होतं. साधं दे." मग सुईशिवायच्या सिरिंजनं तिनं पाणी मारलं. लाल आलं. पुन्हा मारलं. लाल. पुन्हा. गुलाबी. पुन्हा लाल!

"निब काढावं लागेल," ती अज्जांना म्हणाली.

"काढलंयस कधी?"

"साध्या पेनाचं. या पेनाचं नाही."

"मीही नाही काढलं कधी," अज्जा म्हणाले. "माझ्या वडिलांनी काढलं असेल. सरळ ओढ. पिळू नको."

वाणीनं रबराचा तुकडा गुंडाळला, निब आणि त्याच्या खालची काळी पट्टी, जिला अज्जा जीभ म्हणायचे, दोन्ही एकत्र धरली. डाव्या हातात. त्या क्षणी तिला वाटलं, हे तुटलं तर? नरसिंहपणजोबांपासून आलेलं, आणि माझ्या हातात तुटलं तर जन्मभर सगळे हाताकडेच बोट दाखवतील. मग तिनं तो विचार बाजूला ठेवला, कारखान्यात मापात न बसणारा भाग बाजूला ठेवतात तसा, आणि ओढलं.

आलं बाहेर. सळ्ळकन.

"उजेड," वाणी म्हणाली, आणि कुणीतरी मोबाइलचा टॉर्च धरला. बघते तर हर्षिता. गुडघे टेकून, रेशमी ड्रेस ओल्या फरशीवर.

"हर्षिता, ड्रेस!" काका बाहेरून ओरडला.

"असू दे अप्पा. बघा तरी या. इथं एक खोबण आहे, केसाएवढी, त्यातून शाई येते. सगळी लाल भरलीय."

मऊ टूथब्रशनं जीभ धुतली. निबच्या चिरेत कुंकू घट्ट बसलं होतं. वाणीनं पाकिटातून पितळेचा एक पत्रा काढला, इतका पातळ की फुंकरीनं उडेल. कारखान्यात फटी मोजायला असतो तसला. "पाच शतांश मिलिमीटर," ती म्हणाली, आणि अभिमान तिच्या आवाजात आलाच, लपवायला गेली तरी. पत्रा चिरेतून घातला, एकदा, दोनदा, अलगद. लाल रेघ बाहेर आली. पाणी मारलं. स्वच्छ. पुन्हा मारलं. स्वच्छ!

तीन पन्नास. कोरडं केलं, बसवलं, आट्यांना बोटानं जरासं ग्रीस लावलं, नाहीतर जोडातून शाई गळते. मग ड्रॉपरनं निळी शाई भरली. मान घट्ट केली. लिहून पाहिलं.

काही नाही.

"झटक की!" काका आता मागेच उभा होता.

"झटकायचं नाही काका. जीभ कोरडी आहे, तिला भिजू द्या." वाणीनं पेन निब खाली करून एका पेल्यात उभं ठेवलं आणि सगळे, अख्खं कुटुंब, त्या पेल्याभोवती उभं राहून वाट बघत राहिलं. इंदिराअत्या पुटपुटत स्तोत्र म्हणत होती. चार वाजले. चार वाजून तीन मिनिटं. निबच्या टोकावर निळं काहीतरी चमकलं.

"आलं," बाबा म्हणाले. दुपारभरातला त्यांचा पहिला शब्द.

शेवटचा हातकागद टेबलावर आला. वाणी बसायच्या आधी म्हणाली, "अत्या, वरचा श्री तू काढ. कुंकवानं. बोटानं." अत्येचे डोळे भरले. तिनं अनामिकेनं 'श्री' काढला, लालभडक, आणि बोट पदराला पुसायचंही विसरली.

मग वाणीनं कागद आडवा फिरवला.

"कागद वाकडा झालाय," काका म्हणाला.

"असाच असतो माझा."

आणि तिनं लिहायला घेतलं. दाबलं नाही. नुसतं टेकवलं. शाई आपोआप आली, ओली, चमकदार, आणि मागून मागून वाळत गेली.

'बाबा खंडेराया, तुझ्या घरी लग्न निघालंय. मुलगा आपला प्रणीत. पहिलं बोलावणं तुला. आधी तू ये, म्हाळसाबाईंना घेऊन ये, मग आम्ही बाकीच्यांना बोलावतो. काही उणंदुणं झालं तर आपलं म्हणून सांभाळून घे.'

प्रत्येक शब्द लिहून झाला की निब शेवटाकडे जायचं आणि तिथून मागे यायचं, उजवीकडून डावीकडे, एका दमात.

"ही रेघ उलटी आहे!" काकाला राहवलंच नाही. "अण्णा, बघताय ना? उलटी काढतेय!"

अज्जांनी चष्मा वर केला, कागदाजवळ नाक नेलं. "कुठून निघाली ते सोड. पोचलीय ना?"

काकानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी हर्षिताच बोलली. "अप्पा, मला असं नाही येणार. खरंच सांगते. उजव्या हातानंही नाही." काका खुर्चीत बसला. थोड्या वेळानं त्यानंच कागदाचा उडणारा कोपरा बोटानं धरून ठेवला.

चार वाजून वीस. उरली होती सही. शेवटी घरच्या कर्त्याची सही असते, आणि ती चौदाही वेळा सुब्बारावांचीच होती. वाणीनं पेन त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी घेतलं. पेन हातात थरथरलं, निब हवेतच छोटी छोटी वर्तुळं काढायला लागलं. मग अज्जांनी ते टेबलाच्या टोकाकडे केलं.

"शरद. ये."

बाबा उठले. आले, बसले. आणि उजवा हात पुढे केला.

"तो नको," अज्जा म्हणाले.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, एकसष्ट वर्षांचा माणूस बापाकडे पाहतो तसं नाही, पाटी पुढ्यात घेऊन बसलेलं पोर पाहतं तसं. अज्जांनी नजर हलवली नाही. त्यांनी फक्त मान हलवली, आणि म्हणाले, "माझं चुकलं होतं रे."

बाबांचा डावा हात टेबलावर आला. पन्नासाहून जास्त वर्षांनी. पेन त्यांनी अगदी निबजवळ धरलं, मूठ आवळून.

"बाबा, दाबू नका," वाणी त्यांच्या कानाशी म्हणाली. "थोडं वर धरा. याला लिहायचंच असतं. तुम्ही फक्त टेकवा."

त्यांनी टेकवलं. श. र. मग जोडाक्षर, हळू, कागदाला विचारत विचारत. अक्षरं मोठी झाली, वाकडी झाली, दुसरीतल्या मुलाची असावीत तशी, पण मुंग्या नव्हत्या त्या. आणि शब्द संपला तेव्हा त्यांचा हात क्षणभर थांबला. आता वाणी काही बोलली नाही. शिरोरेघेचं तिनं त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

निब उचललं गेलं, शेवटच्या 'द्र'च्या डोक्यावर टेकलं, आणि तिथून मागे निघालं. उजवीकडून डावीकडे. न अडखळता, 'श'पर्यंत.

कागदाचा कोपरा धरलेला सुनीलकाका खाली वाकून त्या रेघेकडे बघत राहिला, शाई वाळेपर्यंत.

"सरळ आलीय रे दादा," तो म्हणाला.